वाढत्या अंगाचा टर्बो

टर्बो म्हणजे काय, असं कोणी विचारलं की पूर्वी मी लांबलचक व्याख्यान देत असे. ऐकणारा मान हलवायचा आणि शेवटी विचारायचा, "म्हणजे यानं अ‍ॅव्हरेज वाढते काय?" पुढे मी शहाणा झालो. आता फुंकणीपासून सुरुवात करतो.

चूल धुमसायला लागली की माझी आई फुंकणीने फुंकायची. लाकडं तीच, चूल तीच, पण वारा मिळाला की जाळ. इंजिनाचंही तसंच. डिझेल कितीही ओता, सोबत हवा पोचली नाही तर मागून नुसता काळा धूर. टर्बो ही इंजिनाची फुंकणी. मग फुंकतं कोण? तर तो धूरच! इंजिनातून तापलेला धूर सायलेन्सरच्या वाटेने वाया जातो, त्याच्या वाटेत एक चाक बसवलेलं असतं. धूर ते चाक फिरवतो. त्या चाकाच्या शाफ्टला दुसऱ्या टोकाला पंखा असतो. तो बाहेरची हवा ओढून इंजिनात कोंबतो. हवा वाढली की जाळ वाढतो, जाळ वाढला की धूर, आणि धूर पुन्हा पंख्याला पळवतो. ज्याला हे पहिल्यांदा सुचलं त्याला त्या रात्री झोप आली नसणार. मलाही बरेचदा येत नाही, पण माझं कारण अ‍ॅसिडिटी आहे.

हा शाफ्ट जाडीला आपल्या करंगळीपेक्षा कमी. घरातला छताचा पंखा पाचवर ठेवला तरी मिनिटाला तीनशे-साडेतीनशे फेरे मारतो. हा शाफ्ट लाखाच्या वर जातो. आणि तो कशाला टेकलेला नसतो. दोन्ही बाजूंना बुश, म्हणजे धातूच्या कड्या, असतात, पण बुश आणि शाफ्ट यांच्यामध्ये तेलाचा पातळ थर असतो, आणि शाफ्ट त्या थरावर तरंगतो. एकीकडे लाल होईस्तोवर तापलेलं चाक, दुसरीकडे गार हवेचा पंखा, मधे तेलावर तरंगणारी काडी. चाळीसेक वर्षं अकोल्यात मी हेच उघडत आणि जोडत आलो. निवृत्त झालो म्हणावं तर मला नोकरीवर ठेवणारा मीच होतो, त्यामुळे निरोप समारंभही मलाच करावा लागला. चहा आणि एक समोसा.

या धंद्याने मला रोजीरोटी दिली आणि कानातले बारीक आवाज नेले. ग्राइंडर, कंप्रेसर आणि विनासायलेन्सर सुरू केलेली ट्रकची इंजिनं यांनी ते काम वाटून घेतलं. बायकोची हाक ऐकू येते, कारण ती वऱ्हाडी आहे. पण सायकलची घंटी, कुकरची शिट्टी, चिमणी, हे सगळं माझ्यापुरतं बंद झालं. टर्बोचा आवाज नेमका याच जातीचा. लोक यायचे, म्हणायचे, "मिस्त्री, शिट्टी मारून राहिला पाहा." मी लांब पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, टर्बोच्या अंगाला लावायचो, त्याची मूठ कानाच्या हाडाला टेकवायचो, डोळे मिटायचो आणि गंभीरपणे "हं" म्हणायचो. हाताला जी थरथर लागायची त्यावर माझं निदान. कानाचं तिथे काही काम नव्हतं, पण गिऱ्हाइकाला कान लावल्याशिवाय पटत नाही.

गिऱ्हाइकंही एकेक. एक नवरदेव लग्नाच्या आठ दिवस आधी जीप घेऊन आला. म्हणाला, "काका, गाडीले ताकद नसली तरी चालते, पण वरातीत शिट्टी वाजली पायजे." मी त्याला बँडवाल्यांचा पत्ता दिला. दुसरे ट्रकवाले. टर्बोचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे चढ चढून आल्या आल्या चावी फिरवणारा हात. इंजिन बंद झालं की तेल बंद, पण शाफ्ट तर पळतच असतो, आणि बाजूला लाल तापलेलं चाक. जिथलं तेल तिथेच जळतं, कोळसा होतो. म्हणून बंद करण्याआधी गाडी मिनिटभर नुसती चालू ठेवायची असते. हे मी भिंतीवर लिहिलं, पाहुण्यांना सांगितलं, एका ड्रायव्हरच्या तेराव्यालाही सांगितलं. ऐकलं कोणीच नाही. तेच लोक तोच कोळसा झालेला टर्बो घेऊन पुन्हा यायचे. माझं घर त्यावरच उभं आहे, तेव्हा तक्रार कशाला करू?

दुकान बंद करायच्या आधीच्या उन्हाळ्यात भातकुलीचं एक जोडपं आलं. पुंडलिकभाऊ फुलशेती करणारे, झेंडू आणि शेवंती. त्यांची बायको सुनंदाताई नर्स. गाडी सुनंदाताईंच्या वडिलांची, जुनी, डिझेलची, पांढरी, आणि मागच्या सीटवर कायम चार पाकळ्या पडलेल्या. इंजिन ठणठणीत, पण टर्बो नाही. सपाटीवर राणी, चढावर रडूबाई.

"अडचण काय?" मी विचारलं.

"अडचण हिची बदली," पुंडलिकभाऊ म्हणाले. "मेळघाटात. चिखलदऱ्याच्या पलीकडचं उपकेंद्र."

सुनंदाताईंनी पुढचं सांगितलं. त्या थेट बोलायच्या. "भाऊ, घरी सासूबाई अंथरुणाले खिळल्या. मी आठवडाभर तिथं राहीन, पण बोलावलं की मले खाली येता आलं पायजे. एसटी आपल्या मर्जीनं येते. ही गाडी घाटात दुसऱ्या गिअरात उकळते. नवी घ्यायची आमची सोय नाई. घरच्यांचं म्हणणं, सोड नोकरी. मी म्हटलं, गाडी चढली तर जाईन, नाई चढली तर राजीनामा देईन. सांगा आता."

असं कोणी चक्क माझ्या गळ्यात नोकरी बांधली की मला जबाबदारी वाटायच्या आधी मोठेपणा वाटतो. मी म्हणालो, "ताई, चढंल. उडंल!"

याच इंजिनाचा धाकटा भाऊ पुढे टर्बोसकट बाजारात आला होता, त्यामुळे इंजिन हा भार सोसेल याची खात्री होती. आरटीओची परवानगी काढली. त्या अनुभवाचं कथन करायला वेगळा अंक लागेल. प्रश्न एवढाच होता, की टर्बो कोणता?

इथे माझं बालपण आडवं आलं. आमच्याकडे पोराचे कपडे वाढत्या अंगाचे शिवायची रीत. पाचवीत शिवलेली माझी खाकी चड्डी मी नववीपर्यंत घातली. पहिली दोन वर्षं ती मी घालत नव्हतो, हाताने धरून ठेवत होतो. मापाचं घेणं म्हणजे उधळेपणा, मोठं घेणं म्हणजे शहाणपण, हे माझ्या अंगात मुरलेलं. माझ्या फळीवर बोअरवेलच्या गाडीचा एक टर्बो होता. नारळाएवढा, देखणा, मी हौसेने बांधलेला. कोणी घेईना म्हणून देवासारखा ठेवलेला. त्याच्याकडे पाहिलं आणि मनात आलं, लहान कशाला? हाच लावू. गाडीला पुरून उरेल.

पुंडलिकभाऊंनी तो पाहून हात जोडले. "बापा! एवढा?"

"वाढत्या अंगाचा घ्यावा," मी म्हणालो.

"गाडी कुठं वाढते हो भाऊ?" सुनंदाताईंनी विचारलं.

तो प्रश्न मी हसण्यावारी नेला.

चाचणीला आम्ही तिघं पातूरच्या घाटात गेलो. मी चालवत होतो, सुनंदाताई शेजारी, पुंडलिकभाऊ मागे पाकळ्यांमध्ये. चढ लागला. मी पाय दाबला. काही नाही. आणखी दाबला. गाडी पूर्वीपेक्षाही हळू! मागून मिरच्यांचा टेम्पो आला, त्याने हॉर्न दिला आणि पुढे गेला. त्याच्या मागून एक काका मोपेडवर आले, पुढ्यात पिशवी, मागे बायको. तेही गेले. काकूंनी वळून पाहिलं, तशी मी आरसा पुसायला घेतला.

कारण साधं होतं. मोठ्या चाकाला मोठा धूर लागतो. आमच्या इंजिनाचा धूर त्या चाकाला हलवतो न हलवतो तोच वळण यायचं, पाय उचलावा लागायचा, पुन्हा पहिल्यापासून. लग्नाच्या पंगतीची कढई एका फुंकणीवर तापवण्यातला प्रकार. घाट संपला, सपाट रस्ता लागला, आणि तिथे, काहीच गरज नसताना, महाराज जागे झाले. गाडीने अशी उडी घेतली की पुंडलिकभाऊ मागे आडवे झाले आणि मोपेडवाले काका रस्ता सोडून कडेला थांबले.

सुनंदाताईंनी पदर सावरला. म्हणाल्या, "भाऊ, हा म्हणजे पाहुणे गेल्यावर सैपाक घेऊन आला."

आम्ही परतलो. मला नारळाएवढ्या टर्बोचं वाईट वाटलं आणि चड्डीची आठवण झाली.

मग मी जे आधी करायला हवं होतं ते केलं. अकोल्याच्या भंगारबाजारात त्या धाकट्या भावाचा टर्बो शोधला. मुठीत मावेल एवढा. शाफ्ट जाम, आत कोळसा. कुणाच्या तरी चावी फिरवणाऱ्या हाताची करामत. गिऱ्हाइकाला असा टर्बो दाखवला की तो नाक मुरडतो. मला मात्र तो उघडायच्या आधी अजूनही, पूजेला बसताना धुवावेत तसे, हात धुवावेसे वाटतात. आधी एकेका भागावर खूण करायची, कारण जो ज्याच्या समोर बसला होता त्याच्याच समोर तो परत बसला पाहिजे. मग सगळं रसायनात भिजवायचं. कोळसा सुटतो आणि खालून शाफ्ट निघतो, आरशासारखा. त्यावर चरे पडलेले असते तर कथा इथेच संपली असती. पण याच्यावर एक ओरखडा नव्हता. त्या कोळशाच्या नरकात एवढी वर्षं राहून! मी तो उजेडात धरून बराच वेळ पाहत बसलो. बायको चहा घेऊन आली आणि चहा ठेवून गेली.

नवे बुश, नव्या सील रिंगा. पंखा बसवून बॅलन्सिंग मशीनवर फिरवला. तिथे हिशेब असा, की आपल्या पापणीच्या एका केसाएवढं वजन एका बाजूला जास्त झालं तरी लाख फेऱ्यांवर तो केस हातोडा होतो. मग कुठे कणभर खरवडायचं, पुन्हा फिरवायचं, पुन्हा कणभर. जोडून झाल्यावर पुंडलिकभाऊंनी शाफ्टचं टोक बोटाने हलवलं आणि घाबरले.

"मिस्त्री, हा तं हालून राहिला!"

"हललाच पाहिजे. ती तेलाची जागा आहे. तेल आलं की मधोमध उभा राहतो. कोणी न धरता."

"कोणी न धरता," ते स्वतःशीच पुन्हा म्हणाले, आणि आमचं एकदम जमलं.

टर्बो गाडीवर चढला. तेलाची नळी जोडली, पंपात डिझेल किंचित वाढवलं. पुंडलिकभाऊंनी शेतातून झेंडूचा हार आणला होता. हजर व्हायची तारीख दोन दिवसांवर. मी हवेचा पाइप मुद्दाम लावला नव्हता, कारण पंखा फिरताना त्यांना दाखवायचा होता. आणि दाखवायच्या आधी मी नेहमीचा दम भरला. पुंडलिकभाऊंच्या खिशातला पेन काढायला लावला. सुनंदाताईंना पदर खोचायला सांगितला. हाराला तर मी गाडीच्या मागच्या काचेपाशी नेऊन टाकलं. "या तोंडाजवळ काही म्हणजे काही आणायचं नाही. पाकळीसुद्धा!"

इंजिन सुरू झालं. पुंडलिकभाऊंनी रेस दिली. पंखा आधी दिसला, मग धूसर झाला, मग नुसतीच एक चकाकणारी पोकळी उरली, आणि तिच्यात हवा अशी जायला लागली की माझ्या शर्टाची बाही तिकडे वळली. माझं मन इतकं भरून आलं, की माझ्या बायकोने पुढे केलेल्या पूजेच्या ताटातल्या मूठभर अक्षता मी उचलल्या आणि नवरा-नवरीवर टाकाव्यात तशा इंजिनावर टाकल्या.

मला काही ऐकू आलं नाही. बाकी तिघांनी एकदम दचकून कानांवर हात ठेवले, त्यावरून कळलं.

इंजिन बंद केलं. पंख्याच्या प्रत्येक पात्याची कड उंदराने कुरतडल्यासारखी. तांदूळ एकही सापडला नाही. इंजिनाने भाजून खाल्ला असणार. मी ते पातं बोटाने चाचपत होतो आणि, खोटं कशाला सांगू, माझ्या मनात पहिल्यांदा शरम आली नाही, नवल आलं. काल जो दाणा खिचडीत शिजला, तो धातूला चावला! शरम मागाहून आली, आणि बायकोच्या चेहऱ्यासकट आली.

"पाकळीसुद्धा नाई," सुनंदाताई हळूच म्हणाल्या.

"आता?" पुंडलिकभाऊंनी विचारलं.  "परवा हजर व्हायचं हाये."

मी त्याच दुपारी अमरावतीला गेलो. ओळखीच्या एका दुकानदाराकडे त्या मापाचा पंखा होता. येताना एसटीत तो रुमालात गुंडाळून मांडीवर धरून बसलो. शेजारच्या बाईने विचारलं, "देव आणला काय?" मी "हाव" म्हणालो, आणि तिने नमस्कार केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा बॅलन्सिंग, पुन्हा जोडणी. या वेळी पाइप आधी लावला. बायकोने ताट आणलंच नाही.

आदल्या रात्री गाडीसोबत मीही भातकुलीला मुक्कामाला गेलो, आणि हजर व्हायच्या दिवशी पहाटे आम्ही तिथून निघालो. गाडी सुनंदाताई चालवत होत्या. घाटात त्यांनाच चालवायची होती, तर पहिला घाटही त्यांनीच चढवावा, असं त्यांचं म्हणणं. मी शेजारी, पुंडलिकभाऊ मागे, त्यांच्या मांडीवर गादीची वळकटी. परतवाडा गेलं. झाडं दाट झाली. चढ लागला आणि मी पायांनी नसलेले ब्रेक दाबायला लागलो.

पहिलं वळण. सुनंदाताईंनी पाय दाबला. आणि गाडीच्या पाठीवर कोणी हात ठेवावा, तसं झालं. धक्का नाही, उडी नाही, नुसता पाठीवर हात. दुसरा गिअर, तिसरा गिअर. खालची दरी एकेक वळणाने खोल जात होती आणि इंजिनाच्या तापाचा काटा उकळीच्या खूप अलीकडे थांबलेला. पुढे एक भरलेला टेम्पो होता. सुनंदाताईंनी हॉर्न दिला आणि त्याला मागे टाकला. मी खिडकीतून टेम्पोवाल्याकडे इतक्या आदराने पाहिलं, की त्याने सलाम केला.

"काहून गप्प झाले भाऊ?" त्यांनी विचारलं.

काय सांगणार? मुठीएवढी वस्तू, आत काडीएवढा शाफ्ट, आणि आम्ही तिघं, एक गादी, एक संसार त्या काडीवर डोंगर चढत होतो. चाळीस वर्षं हे काम केलं, पण काम करून गाडी गिऱ्हाइकाच्या हवाली करायची, हीच रीत. माझा एकही टर्बो मी घाटात सोबत बसून पाहिला नव्हता. पातूरची गोष्ट सोडा.

उपकेंद्र आलं. दोन खोल्या, पुढे ओसरी, समोर सागाची झाडं. गाडी थांबली आणि मागून पुंडलिकभाऊंनी सवयीने चावीकडे हात लांबवला. मी ओरडणार, तेवढ्यात सुनंदाताईंनी त्यांच्या हातावर फटका मारला.

"थांबा ना अवो! एवढी चढून आली. दारात आलेल्याले आधी पाणी इचारतं का लगेच झोपवतं? बसू द्या तिले जराशी."

भिंतीवर लिहून, तेराव्याला सांगून जे कोणाच्या डोक्यात शिरलं नाही, ते या बाईने गाडीला पाहुणी करून एका वाक्यात बसवलं.  गाडी जागच्या जागी संथ चालू राहिली. पुंडलिकभाऊंनी वळकटी उतरवली, पाण्याची कॅन उतरवली. 

मी बॉनेट उघडलं, पेचकस लावला, मूठ कानाला टेकवली, डोळे मिटले. "एकदम मस्त," मी म्हणालो. ताईंनी चावी फिरवून गाडी बंद केली आणि त्या माझ्याजवळ आल्या.

"भाऊ," सुनंदाताई म्हणाल्या, "तुमाले काही ऐकू नाई आलं."

"कसं नाही?"

"मी नर्स हावो. कालपासून पाहून राहिली. माणूस ऐकत असला की त्याचं तोंड येगळं दिसते." त्यांनी पिशवीतून स्टेथोस्कोप काढला. "घ्या. पुंडलिकराव, गाडी चालू करा, आन् मी सांगंन तवाच बंद करा."

मी नळ्या कानात घातल्या. त्यांनी त्याची चकती टर्बोच्या गार बाजूला लावून धरली. गाडी सुरू होती तोवर नुसती इंजिनाची धडधड. मग त्यांनी हात केला. इंजिन थांबलं. काहीच नाही. मी नळ्या काढणार होतो, तर त्यांनी बोटाने थांबा म्हटलं.

शाफ्ट अजून माझ्या कानांना न पोचणाऱ्या वरच्या सुरात फिरत असणार. तो जसजसा मंदावला तसतसा त्याचा आवाज खाली आला, आणि एका जागी माझ्या ऐकू येण्याच्या हद्दीत उतरला. बारीक, गोल, लांब सूर. कुठे खर नाही, कुठे घास नाही. कोणी न धरलेला. तो उतरत गेला, उतरत गेला, आणि कुठे संपला ते मला सांगता येणार नाही.

"काय आलं ऐकू?" त्यांनी विचारलं.

"कशालाच लागत नाहीये तो," मी म्हणालो. माझा आवाज मलाच मोठा वाटला.

"मंग अजून एकडाव?" पुंडलिकभाऊंनी चावीवर हात ठेवून विचारलं. त्यांचाही चेहरा ऐकणाऱ्याचा झाला होता.

पण ओसरीवर एक बाई येऊन बसली होती, कडेवर पोर, पोराला खोकला. गाडीचा आवाज ऐकून आली असावी. सुनंदाताईंनी माझ्या कानातून नळ्या काढल्या, त्या पदराने पुसल्या.

"आता नाई," त्या म्हणाल्या. "आता हा इकडं लागते." आणि ओसरीवर जाऊन त्यांनी ती चकती आधी आपल्या तळहातावर घासून ऊबदार केली, मग पोराच्या छातीला लावली.

मी आणि पुंडलिकभाऊ उघड्या बॉनेटपाशी उभे राहिलो. ते तोंड उघडणार होते, तर मी ओठांवर बोट ठेवलं. ताई ऐकत होत्या.